परीक्षेची घागर

लातूरचा जिल्हा झाला, पण नळाला पाणी काही आलं नाही. टँकरच्या रांगेत उभ्या चतुराबाईचे कान पुढच्या मायलेकींकडं होते.

“माय, आज घागर मी नेणार!”

“आन् पाणी कशात भरू?”

“माझी गाण्याची परीक्षा हाय!”

“तू तर सायन्सला हायेस, विशाखा.”

“यंदापासून कालेजात समद्यांनाच गाणं घेता येतं. सर म्हणले, घरातलंच वाद्य आणा. ऐक!”

पितळी घागर घुमली. रांग वळून बघू लागली.

“हळू! पोचा पडंल.”

“भरल्यावर अशी वाजणार न्हाई, माय.”

तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला.

“बाई, आमचा नंबर धरा,” माय चतुराबाईला म्हणाली.

“अवं, टँकर आला की!”

“येऊ द्या. कालेजात घागर मीच नेते डोक्यावर. हिच्या हातनं पोचा पडला, तर मार्क जातील.”