गिटारवरचा पांढरा पट्टा

पणजोबा पलंग करीत, आजोबा कपाटे, वडील दारे. आणि सुतारांच्या या घरातल्या मुलीने केली इलेक्ट्रिक गिटार. रंगाच्या दुकानात गिटार घेऊन आलेल्या तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या आजीबाईंना हे सारे तिच्या आणि दुकानदार काकांच्या बोलण्यातूनच कळले.

"काका, तांबडा स्टेन मारला, पण सांध्यापाशी पांढरा पट्टा राहिला."

"सांध्यातून बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसलास?"

"बाबा तसंच पुसतात."

"त्यांच्या दारांना ऑइलपेंट लागतो, खालचं सगळं झाकतो. तू सरस लाकडात जिरवलास. स्टेन लाकडात मुरावा लागतो, तिथे कसा धरेल?"

"संध्याकाळी बाबा बघणार आहेत. म्हणालेत, घराण्याचं नाक कापू नकोस."

"आण इकडे. पट्टा खरवडून देतो."

"अहो, मागे रांग आहे."

"असू दे," आजीबाई म्हणाल्या. "माझं वार्निश काही पळून जात नाही."

काका खरवडू लागले. "तुझ्या आजोबांच्या हाताखाली शिकताना माझं पहिलं कपाट असंच पांढरं पडलं होतं, पोरी. त्यांनी दिवसभर बसून खरवडलं."

"घरी कधी बोलले नाहीत."

"कुणाकडेच बोलले नाहीत. हं, आता लाव स्टेन."

"धरला, काका. सगळीकडे सारखा."

"बाबांनी विचारलं तर, एकटीनं केलं म्हण."

"आणि या आजी?"

"मी चष्मा आणलेला नाही," आजीबाई म्हणाल्या.

"मग तुझ्या आजोबांचं देणं फिटलं," काका म्हणाले.