किल्ल्याखालचा हायड्रंट

बसा बापू, बसा. हार राहू दे गळ्यात, फोटो व्हायचाय अजून. दर्शन, माइक जरा खाली घे. हं.

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष कुंदाताई, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती बापू, आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आपल्या वसाहतीतल्या शेजाऱ्यांनो, सचिव म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. दोनाहून जास्त होतील.

बापू इथे एकवीस वर्षं राहिले. एका कंत्राटदाराकडे सेफ्टीचं काम. पण आपल्याला ते कसे आठवतात? वाळूच्या वाऱ्यानंतरच्या सकाळी. गाड्या, रस्ता, आकाश, सगळं एकाच फिक्या रंगाचं. कशालाच कडा नाही. त्या उजेडात फाटकाजवळ एक माणूस वाकलेला असतो, आणि त्याच्यासमोर हळूहळू काहीतरी लाल उगवतं. खिडकीतून बघताना मला कितीदा वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत.

ते लाल म्हणजे आपला फायर हायड्रंट, आगीच्या बंबाला पाणी देणारा नळ.

त्याच्याभोवतीची वाळू काढायची कोणी? आपण पत्रं लिहिली. उत्तर आलं, फाटकाबाहेरचं शहराचं, आतलं मालकाचं. हायड्रंट बरोबर फाटकाच्या रेषेत. मालक म्हणाले, इन्शाल्ला बघू. मग आपण ठरवून टाकलं की हे शहराचं काम. खलास.

चार वर्षांपूर्वीची दिवाळी नव्या लोकांना माहीत नाही. जुने तो विषय काढत नाहीत. अध्यक्षांची परवानगी गृहीत धरून मी काढते.

त्या वर्षी दिवाळीची झाडलोट झाली आणि प्रत्येक दारातली वाळू फाटकाजवळ जमली. कमरेएवढा ढीग. मुलांनी त्याचाच किल्ला केला. हायड्रंट आत होताच, त्यावर ओली वाळू थापली की आयता बालेकिल्ला. माझा रेयांश त्यांचा म्होरक्या. बापू माझ्या दारात आले.

"सुलक्षणा, किल्ला हलवायला हवा."

मी फराळाचं ताट पुढे केलं. "बापू, चार दिवसांचा सण. पोरांचा किल्ला कोणी मोडतं का?"

"मी मोडतो. तू सचिव आहेस, फक्त हो म्हण."

"नाही म्हणते. चकली घ्या."

त्यांनी चकली घेतली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्या श्रीवर्धनच्या यूनुसभाईंच्या स्वयंपाकघराला आग लागली. उमैमाभाभी तान्ह्या मुलीला घेऊन दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत अडकल्या. बंब लवकर आला. पण बंबातलं पाणी किती पुरणार? एक जवान आपल्याकडे धावत आला, "पानी किधर है?" आपण सगळे नव्या कपड्यांत उभे होतो. कोणी किल्ल्याकडे बोट दाखवलं नाही. मीही नाही. मला तर माहीत होतं.

बापू गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी बालेकिल्ला फोडायला लागले. रेयांश ओरडत होता, "स्टॉप इट, आजोबा!" पणत्या एकेक करून विझल्या, मावळे वाळूत गेले. मला मग आवाज ऐकू येईनासे झाले. फक्त तो लाल रंग वर येताना दिसला, अगदी सावकाश.

भाभी आणि मुलगी वाचल्या. घर गेलं. यूनुसभाई तिसऱ्या रांगेत बसलेत. बापूंनी मला आधी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं, हे आजवर आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. यूनुसभाई, आता तुम्हालाही.

उद्या बापू ऋताकडे कॅनडाला चाललेत. तिथे हायड्रंट बर्फाखाली जातात. यांनी फोनवर लेकीला पहिला प्रश्न विचारला, बर्फ कोण काढतं? ऋता म्हणाली, "द सिटी डझ, बाबा. इव्हेंच्युअली." हसताय तुम्ही. बापू हसले नाहीत. म्हणाले, "तिथे फावडं मिळतं ना?"

काल त्यांनी मला विचारलं, "इथे आता कोण?" शहराला मी पुन्हा लिहीन. उत्तर येईपर्यंत, मी. सभेच्या इतिवृत्तात हे लिहून घ्यावं.

जेवण थांबवून तुम्ही ऐकलंत, आभारी आहे. निरोपाच्या दिवशी बोलू नये ते बोलले असेन, तर ती चूक माझ्याकडेच राहू द्या आणि मला क्षमा करा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी फाटकाशी गेले. वारा पडलेला होता. यूनुसभाई आधीच येऊन उभे होते. काढण्यासारखी वाळू नव्हती.

"एक दिवस तुम्ही, एक दिवस मी, वहिनी," ते म्हणाले.