खूनबाईंनी गाडी पाठवली

नाही नाही, उभे कशाला, बसा ना दादा — त्या खुर्चीवरचे कपडे सारा बाजूला आणि टेका जरा. गाडी खाली नीट लावलीय ना? मग झालं तर. कार्यक्रम काही माझ्याशिवाय सुरू होत नाही, आणि झालाच तरी आमच्या खूनबाई हातात माइक धरून तासभर सहज ओढतील — हे नाव ठाऊक नाही होय तुम्हाला? अहो, तुमच्या बाईसाहेब! ज्यांनी तुम्हाला मला न्यायला पाठवलं, त्याच. रहस्यकथा लिहितात ना, पहिल्या पानावर कुणीतरी मरून पडलेलं असतंच, म्हणून आमच्या ह्यांनी ठेवलेलं नाव. तोंडावर म्हणायचे, आणि ती खो खो हसायची. हे गेले, नाव राहिलं. — चष्मा कुठे ठेवला मी? आत्ता तर इथे होता.

माझं पुस्तक पाहिलंय ना तुम्ही? मागच्या सीटवर गठ्ठा असेल बघा. असणारच. तिच्या स्वतःच्या पुस्तकांना जागा नसेल, माझ्या पुस्तकांना आहे. आणि खरं सांगू? आधी आमचं काही फार गूळपीठ नव्हतं. ती मला रडकी म्हणायची, मी तिला काय म्हणायची ते — जाऊ दे. तर ही माझी कादंबरी आली, आणि त्याच आठवड्यात ह्यांना इस्पितळात टाकावं लागलं. प्रकाशक म्हणजे एकटा जीव, स्वतःच गठ्ठे बांधणारा, तो तरी किती धावणार? गावोगाव कार्यक्रम ठरलेले आणि मी सलाईनच्या बाटलीकडे बघत बसलेली. म्हटलं, संपलं हे पुस्तक. तर ही खूनबाई आली. सोबत आमचा टकलू — विनोदी लेखक हो, आमच्यातला सगळ्यात खपणारा. दोघं व्हरांड्यात उभी, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. म्हणाली, "एकही कार्यक्रम रद्द करायचा नाही. आम्ही जातो." मी म्हटलं, "अगं, तुझंही पुस्तक आत्ताच आलंय ना!" तर म्हणते कशी, "माझ्या पुस्तकातली माणसं मेलेलीच आहेत, ती थांबतील."

आणि गेले हो ते खरंच! टकलूच्या कार्यक्रमाला लोक तिकीट काढून येतात, पोट धरून हसायला — आणि हा पठ्ठ्या स्वतःचं पुस्तक मिटून ठेवतो नि माझ्या कादंबरीतलं ते प्रकरण काढतो, बाई नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं काढून ठेवते ते. एक माणूस उठून गेला नाही सभागृहातून. मध्ये तोच थांबला म्हणे, पाणी प्यायला. बाहेरच्या टेबलावर एक प्रत उरली नाही. मग दुसरी आवृत्ती निघाली, तिची पहिली प्रत खूनबाईंनी आणून ह्यांच्या उशाशी ठेवली. ह्यांनी कव्हरवरून हात फिरवला, म्हणाले, "रंग छान आलाय." बस्स. त्यानंतर काही फार बोलले नाहीत ते. — चहा टाकू का? अर्धा कप तरी? नको? बरं, राहिलं.

तेव्हापासून फोन येतात, हं. विसरली नाहीत ती मला, असं नाही म्हणणार मी. जेवलीस का? — जेवले. झोप लागते? — लागते. लिहितेस ना? — हो, म्हणते. काय म्हणू दुसरं? त्या एका 'हो'वर खूनबाईंनी भर सभेत सांगून टाकलं, बाईंची नवी कादंबरी येतेय म्हणून! आज तेच तर आहे. नव्या कादंबरीतलं वाचन. निमंत्रणं गेली, खुर्च्या मांडून झाल्या.

कसं असायचं माहितीये, संध्याकाळी हे भाजी चिरायला बसायचे आणि मी समोर, दिवसभरात लिहिलेलं वाचत. चांगलं म्हणायचे नाहीत, वाईट म्हणायचे नाहीत. फक्त सुरी थांबायची. थांबली की समजावं, इथे आपण खोटं बोललो, उगाच फुलवलं. आता एक ओळ लिहिते, मोठ्याने वाचते, आणि कान देऊन बसते. काय ऐकू येणार? शेजारच्यांचा टीव्ही. ओळ खरी की खोटी, कोण सांगणार मला? मग खोडते. — नाही हो कादंबरी. एक पान नाही. बघा, तुम्हाला सांगून बसले! तिने माझ्यासाठी एवढं केलं, तिला कुठल्या तोंडाने सांगू?

तुमचाच फोन वाजतोय. तीच ना? सांगा, उतरतायत म्हणून — नको, थांबा. द्या इकडे.

हॅलो — हो, मीच. तयार होऊन बसलेय गं केव्हाची. ऐक ना — आधी ऐक. नवी कादंबरी नाहीये. अर्धवट नाही, नाहीच. हे गेल्यापासून एक ओळ नाही — तू कशाला रडतेस? मी रडतेय का? — नाही, माझं जुनंही नाही वाचायचं आज. वर्षभर घसा फोडून माझंच वाचलंस, तुझं कुणी ऐकलं? एकदा तरी? मग आज ते वाच. पहिल्या पानापासून, त्या मेलेल्या माणसासकट! — मी नाही येत. खरंच नको. पुढच्या रांगेत बसवशील, आणि सगळे वळून बघतील, बिचारी म्हणून. त्यापेक्षा उद्या तूच ये. पुस्तकाचा विषय नको, काही नको, नुसती ये — हो का? उद्या कुठे? — अच्छा, तिथल्या वाचनालयात. माझ्याच पुस्तकावर कार्यक्रम. हो, हो, म्हणाली होतीस, विसरलेच मी. आणि परवा टकलूबरोबर — बरं. नाही गं, राग कसला? एवढं करतेस माझ्यासाठी. जमेल तेव्हा ये. ठेवते.

घ्या फोन. — काय बघताय असं? निघा आता, तिला गाडी हवी असेल. नाही, मला काही नको. जिन्यात दिवा नाहीये, जपून उतरा. आणि दार ओढून घ्या. जोरात ओढा, नाहीतर लागत नाही ते.