दोघींचा एक कोपरा

तुम्ही पापलेट घ्यायला अंधेरीला आमच्याकडे येता ना, तो खाडीवरचा बाजार पाडतायत यार. तिथे लोकांना फिरायला झकास रस्ता करणार. ज्या कोळणीच्या नावावर आज जागा लिहिली जाईल, तिलाच नवा गाळा.

आता माझी आई आणि काकी एकाच कोपऱ्यावरून माझ्या लहानपणापासून भांडतायत. सकाळी जी आधी येईल ती तिथे बसते, दुसरी शेजारी बसून दिवसभर शिव्या घालते.

मोजणीवाला साहेब नेमका तिथेच थांबला. "ही जागा कोणाची? वाद असेल तर गाळा बाद."

म्हटलं, वाट लागली.

आईने काकीकडे बोट दाखवलं. "हिची."

काकी लगेच म्हणाली, "नाय, हिची."

साहेब वैतागला. "म्हणजे कोणाचीच नाही!" आणि तो तसंच लिहायला लागला.

तशा दोघी धावत जाऊन कोपऱ्यात बसल्या, खांद्याला खांदा घासत. आई ओरडली, "लिही, दोघींची!"

त्याने मुकाट लिहिलं आणि निघून गेला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "आई, चल घरी."

आई जागची हलेना. म्हणाली, "आधी तिला उठव."