परक्यांपुढचा काले

कुत्र्यांच्या पूजेचा दिवस. नेपाळातल्या भक्तपूरच्या बसथांब्यावर माझ्या शेजारी झेंडूच्या माळा घेतलेल्या दोघी बसल्या होत्या. एकीचं कुत्र्याचं पिल्लू तिला अनोळखी असलेल्या दुसरीच्या मांडीवर होतं.

"दिदी, किती शहाणा हो तुमचा काले!"

"परक्यांपुढे! घरी सकाळीच माळ खाल्ली मेल्यानं. हे म्हणालेत, आज टिळ्याला नीट बसला नाही, तर गावी धाडीन."

"माझ्याकडे तर बसलाय की."

"मग घरीच चला, बहिनी. टिळा तुम्ही लावा, गरम गोड सेलरोटी खाऊन जा."

"येते की! काय रे राजा, येऊ ना?"

"अहो, लाड नको! ओळख झाली की संपलं."

"छे हो, काही... अगं बाई, माझी माळ!"

"झाली ओळख."

दोघी माझ्याकडे वळल्या.

"आजोबा, सेलरोटी खाता ना?"