अर्धा तास इंजिन बंद करायचं नाही

नाही, पण मला एक सांगा, अति काळजी घेतल्याने बॅटरी मरते का हो? मरते! तुम्हाला सांगतो, मरते, आणि तीही नेमकी परीक्षेच्या दिवशी, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी! आणि ही ऐकीव गोष्ट आहे असं कृपा करून समजू नका. माझ्या मावशीने हे मला गेल्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, साडेदहाच्या सुमारास, तिच्या स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता सांगितलं. काकांची, म्हणजे तिच्या यजमानांची बाजू मी मंगळवारी फोनवर स्वतंत्रपणे लिहून घेतली. आणि त्यांच्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी तिसरी बाजू माझी अक्कलदाढ तपासताना सांगितली, म्हणजे मला एकही उलटप्रश्न विचारता येत नसताना! तिन्ही बाजू जिथे जुळतात, तेवढंच सांगतो.

तर काका. काकांनी एकतीस वर्षं वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात काढली. तिथला नियम असा की एकाने सूचना द्यायची, दुसऱ्याने ती शब्दन् शब्द परत म्हणायची, आणि मगच बटणाला हात लावायचा. आधी परत म्हणा, मग हात लावा! नियम उत्तम आहे, प्रश्नच नाही. पण काका निवृत्त झाले आणि नियम निवृत्त व्हायला विसरला, तो त्यांच्याबरोबर घरी आला! मावशीने नुसतं "अहो, गॅस बंद करा" म्हटलं, तरी काका शेगडीसमोर ताठ उभे राहून म्हणणार, "गॅस बंद करतो," आणि मग बंद करणार. तोपर्यंत दूध? दूध ओट्यावर!

आणि काकांनी गाडी शिकवताना लावलेल्या याच नियमाने मावशी गाडी चालवण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. पहिल्या खेपेला परीक्षक ओरडले, "ब्रेक!" मावशी म्हणाली, "ब्रेक, समजलं," आणि मग ब्रेक दाबला. तोवर समोरचा प्लास्टिकचा शंकू गाडीखाली. दुसऱ्या खेपेला वेगळे परीक्षक, वेगळा शंकू, निकाल तोच. आता तिसरी आणि शेवटची संधी, यातही नापास झाली तर सहा महिने अर्जच करता येणार नव्हता. आणि मावशीला ते लायसन्स का हवं होतं? गाण्याच्या क्लासला एकटीने जाता यावं म्हणून! कारण काका तिला सोडायला जात, आणि सोडून परत येत नसत. दीड तास खिडकीबाहेर गाडीत बसून राहत, आणि तिने तान घेतली की हॉर्न वाजवून दाद देत. तुम्ही गाऊन दाखवा अशा परिस्थितीत!

तर त्या सकाळी, दहाची परीक्षा. मावशी इस्त्रीची साडी नेसून गाडीत बसली, किल्ली फिरवली... टक्. पुन्हा फिरवली... टक्. गाडीतला दिवा असा मिणमिणला, जणू निरोप घेतोय.

डॉक्टर अंगणात दात घासत होते. (दातांचे डॉक्टर आहेत, चांगली वीस मिनिटं घासतात.) फेस सांभाळत कुंपणापाशी आले. "काय वहिनी, बॅटरी उतरली? काल दिवे चालू राहिले का?"

"राहिले कसले, आम्हीच ठेवले होते!" मावशी म्हणाली. "तीन दिवस संध्याकाळी सराव चाललाय. दिवे, वायपर, इंडिकेटर, हॉर्न. रोज दोन-दोन तास."

"इंजिन चालू ठेवून ना?"

"छे!" काका दुखावल्यासारखे म्हणाले. "इंजिन चालू ठेवून सराव? काही झालं म्हणजे?"

आता बोला! डॉक्टर हसले, आणि हसताना थोडी टूथपेस्ट गिळली, असं त्यांनी स्वतः मला सांगितलं. पण मनाचा मोठा माणूस, लगेच आपली गाडी काढली. काकांकडे एका बॅटरीची वीज दुसरीला द्यायच्या जंपर केबल होत्याच, सात वर्षांपूर्वीच्या, मूळ पिशवीत, वर खरेदीची तारीख. "आणा इकडे," डॉक्टर म्हणाले, "लाल लालला, काळी काळीला, दोन मिनिटांचं काम!"

"हात लावू नका!" काका गरजले. "आधी परत म्हणा!"

तुम्हाला सांगतो, इथून पुढची चाळीस मिनिटं! दोन्ही गाड्या जवळ हव्यात, पण चिकटायला नकोत. चिकटायला नकोत. दोन्ही बंद, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. हँडब्रेक वर. दोन्ही बॅटऱ्या बारा व्होल्टच्या आहेत का? आहेत. फुगलेली, तडकलेली, गळणारी नाही ना? नाही हो! डोळ्यांना चष्मा? डॉक्टरांनी घरातून दवाखान्याचे तीन चष्मे आणले, आणि तिघंही उघड्या बॉनेटमध्ये अशी वाकून उभी, जणू गाडीची दाढच काढायचीय. मग लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला. दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला. आणि उरलेला काळा...

"मेलेल्या मायनसला," डॉक्टर म्हणाले.

"अजिबात नाही! तो मेलेल्या गाडीच्या इंजिनावर, रंग नसलेल्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो!"

हे मी पदार्थविज्ञानाच्या दोन पुस्तकांत पडताळून पाहिलं. काका शंभर टक्के बरोबर आहेत. माणूस कंटाळवाणा असला म्हणून चूक असतोच असं नाही, हा या प्रकरणातला माझ्यासाठी सर्वांत क्लेशदायक भाग आहे.

डॉक्टरांची गाडी पाच मिनिटं जागेवरच चालू ठेवली, मावशीने किल्ली फिरवली, आणि गाडी अशी धडधडून उठली की मावशीने डॉक्टरांना टाळीच दिली! चिमटे उलट क्रमाने काढले, प्रत्येक परत म्हणून. आणि काका म्हणाले, "आता अर्धा तास इंजिन बंद करायचं नाही. परत म्हण."

"अर्धा तास इंजिन बंद करायचं नाही," मावशी म्हणाली.

पण अर्धा तास उरलाच होता कुठे? सगळा परत म्हणण्यात गेला! शिकाऊ पाटी लावलेली गाडी, शेजारी काका, अकरा मिनिटांत मैदानावर. काका उतरून कठड्यापलीकडे उभे राहिले. परीक्षक आत बसले. जाड मिशी, हातात कागद लावलेलं पॅड, आणि चेहरा असा की याआधीच्या उमेदवाराने त्यांना भिंतीवर नेलं असावं.

"हं. इंजिन बंद करा. पहिल्यापासून सुरुवात करा."

"इंजिन बंद करा, पहिल्यापासून सुरुवात करा," मावशी म्हणाली. आणि हात थांबला. "नाही करणार, साहेब."

"काय?"

"अर्धा तास इंजिन बंद करायचं नाही. बॅटरी आत्ताच जागी झालीय."

"बाई, बंद इंजिनापासून परीक्षा सुरू होते. नियम आहे. नसेल करायचं तर मी नापास लिहितो."

आता? बंद केलं तर गाडी मेली, नाही केलं तर परीक्षा! मावशीने डोळे मिटून किल्ली फिरवली. शांत. पुन्हा फिरवली... टक्.

साहेबांनी पेन उघडलं. कठड्यापलीकडे काका एक पाय वर टाकून अडकलेले. आणि मावशी? मावशी खाली उतरली, पदर खोचला आणि म्हणाली, "साहेब, गाडी मेलीय, उमेदवार नाही. तुमची ऑफिसची गाडी आणा. अहो, तुम्ही तिथेच थांबा! केबल डिकीत आहेत, मला माहितीय!"

साहेबांनी गाडी आणली. का आणली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आणि मग भर मैदानात, वीस-पंचवीस उमेदवारांसमोर, "हँडब्रेक वर! परत म्हणा!" साहेब म्हणाले, "हँडब्रेक वर." "लाल मेलेल्या प्लसला! परत म्हणा!" तिसऱ्या सूचनेपासून सगळे उमेदवार एका सुरात परत म्हणायला लागले, शाळेत पाढे म्हणतात तसे! शेवटचा काळा चिमटा मदत म्हणून साहेबांनी उचलला, आणि निघाले थेट मेलेल्या मायनसकडे.

"थांबा!"

साहेब जागच्या जागी थांबले. एक शब्दही परत न म्हणता! मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला म्हणे तिथे, त्या क्षणी कळलं की थांबणं कसं असतं.

गाडी सुरू झाली, टाळ्या पडल्या, परीक्षा झाली. वळणं घेतली, मागे घेतली, आणि साहेब ओरडले, "ब्रेक!" या वेळी आधी पाय, मग तोंड. शंकू उभा! पास!

आता उरते माझी अडचण. साहेबांनी निकालाच्या कागदावर तळाशी स्वतःच्या हाताने एक शेरा लिहिलाय. मावशी म्हणते, "प्रसंगावधान उत्कृष्ट." काका म्हणतात, "आवाज अनावश्यक मोठा." डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडं ठेवा." मूळ कागद पाहिल्याशिवाय मी काहीच खात्रीने सांगू शकत नाही, आणि तो कागद गाडीच्या पुढच्या कप्प्यात आहे. तीन वेळा गेलो पाहायला. तिन्ही वेळा काका दारात एकटेच, हातात बसचं तिकीट.

कारण गाडी... अहो, गाडी हल्ली घरी असते कुठे!