अवो, मोटार लावा

सन्माननीय अध्यक्ष एकनाथराव, मंचावरचे आमचे कोंडाजीराव, आजचे उत्सवमूर्ती दिग्विजयराव आणि उत्कर्षाताई, आत चहाच्या गडबडीत असलेल्या रत्नाबाई, आणि वांग्यांच्या रिकाम्या वाफ्यात मांडव घातला तरी कुरकुर न करता बसलेल्या समस्त नेरेकर मंडळींनो,

कोंडाजीरावांचे हे भाडेकरू उद्या भूगावला स्वतःच्या फ्लॅटमध्ये जाणार. आनंदच आहे. पण शेजारी म्हणून मला, म्हणजे या जनार्दन गुरुजीला, एक घोर लागला आहे.

सिंगापूरहून येताना यांनी शेगडीच्या डोक्यावर टांगायचा मायक्रोवेव्ह आणला. त्याला जाड वायर हवी. कोंडाजीराव म्हणाले, “घरातली वायर कच्ची हाय. मोटारीची लई पक्की, तितनंच वढा.” शंभू वायरमननं विहिरीवरच्या स्टार्टरच्या पुढून लाईन ओढली आणि शेगडीच्या वर सॉकेट बसवलं. झालं काय? मोटार चालू केली तरच सॉकेटला वीज. ताईंना कॉफी गरम करायची, तर वांग्यांना पाणी सोडणं भाग. घरी पाहुणे आले की वांगी पोहायची. ताईंचा उपास असला की माना टाकायची. असं ओलीत तालुक्यात दुसरं कुठं असेल का?

आता घरचीच मंडळी आहात म्हणून बोलतो. कोंडाजीरावांनी न विचारता म्हैस विकली, तेव्हापासून रत्नाबाईंनी त्यांच्याशी अबोला धरला होता. वर्षं गेली. जेवणाचं ताटसुद्धा त्या भिंतीकडे बघून वाढायच्या.

एकदा ताई ऑफिसात होत्या. त्यांची तान्ही जुईली रत्नाबाईंकडे, भुकेनं रडून लाल झालेली, आणि गॅस संपलेला. कोंडाजीराव विहिरीवर बसलेले. रत्नाबाई दारात आल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, “अवो, मोटार लावा. पोरीचं दूध तापवायचंय.”

कोंडाजीराव इतके दचकले, की आधी लाल बटण दाबलं. मग हिरवं.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर आला. तरी हाक बंद झाली नाही. पुढं पुढं तर आतून “पाणी कोमट हाय, बंद करू नगा” आणि विहिरीवरून “व्हय, व्हय” असा संवाद माझ्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. मला फार बरं वाटायचं.

माझा घोर हाच. पोर चालली, मायक्रोवेव्हचा डबाही जाणार असं वाटलेलं. आता हे दोघं बोलणार कशावरून?

पण काल ताईंनीच विचारलं, “काकू, मायक्रोवेव्ह तुम्हालाच ठेवतोय. वायरिंग तेवढं नीट करून देऊ?” रत्नाबाई म्हणाल्या, “न्हाई. हाय तसंच ऱ्हाऊ दे.”

दिग्विजयराव, ताई, सुखात राहा. जुईलीला दाखवायला आणत जा. शांतपणे ऐकलंत, सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या.

कोंडाजीराव, उठा. चहा निवलेला दिसतोय, आतून हाक आली.

आणि मंडळी, पुढच्या रांगेनं कृपया पाय वर घ्यावेत.